लहान बाथरूमसाठी पुरुषी वळणाचा रंग कसा निवडावा

पुण्या-मुंबईकडच्या फ्लॅटमधले दुसरे बाथरूम बहुधा चार फूट रुंद आणि सहा-सात फूट लांब असते. कमोड, बेसिन, शॉवर, गीझर आणि बादली एवढे सगळे त्यात कसेबसे मावलेले असते आणि भिंतींना दाराच्या उंचीपर्यंत टाइल्स असतात. घरातल्या तरुण मुलाचे, एकत्र राहणाऱ्या मित्रांचे किंवा निवृत्त वडिलांचे असे बाथरूम रंगवायची वेळ आली की ‘जरा पुरुषी वाटेल असा रंग हवा’ अशी मागणी होते, रंगारी शेड कार्ड उघडून गडद राखाडी किंवा नेव्ही ब्लू दाखवतो आणि उभ्या उभ्या निर्णय होतो. असा निर्णय फसण्याची शक्यता मोठी असते, कारण त्याची सुरुवातच शेड कार्डापासून झालेली असते. लहान बाथरूममध्ये आधी टाइल्स पाहाव्यात, मग उजेड पाहावा आणि शेड कार्ड त्यानंतर उघडावे. पुढचे विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

पुरुषी रंग म्हणताना आपल्याला काय हवे असते

कोणताही रंग मुळात पुरुषांचा किंवा बायकांचा नसतो. आपल्याकडे लग्नात गुलाबी आणि केशरी फेटे पुरुषच बांधतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तरीही बाथरूमच्या संदर्भात लोक ‘पुरुषी’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक ठरावीक परिणाम असतो: शांत, भारदस्त, थोडा मातकट किंवा दगडी, सजावटीचा सोस नसलेला.

हा परिणाम नेमका कशातून येतो हे समजले की निवड बरीच सोपी होते. रंगाकडे तीन अंगांनी पाहता येते. तो निळा आहे की हिरवा हे पहिले अंग, तो फिका आहे की गडद हे दुसरे, आणि तो किती भडक आहे हे तिसरे. गडद म्हणजे पुरुषी असा सर्वसाधारण समज आहे, पण प्रत्यक्षात काम करते ते तिसरे अंग. रंगात राखाडी किंवा काळ्याचा अंश मिसळून त्याचा भडकपणा उतरवला की तो आपोआप भारदस्त दिसू लागतो, मग तो गडद असो वा मध्यम. गर्द जांभळा गडद असूनही हा परिणाम देत नाही. उलट वाळूचा राखाडी-तपकिरी रंग बराच फिका असूनही देतो. ज्या बाथरूमला खिडकी म्हणून डक्टकडे उघडणारा हातभर व्हेंटिलेटरच आहे, तिथे ही गोष्ट फार उपयोगाची ठरते, कारण काळोख न वाढवताही हवे ते वळण साधता येते.

पहिली पायरी: रंगायची जागा मोजणे

मोजमाप आधी घ्यावे, कारण रंग प्रत्यक्षात किती दिसणार आहे यावर तो किती गडद असावा हे ठरते. चार बाय सात फुटांच्या बाथरूमचा घेर २२ फूट होतो. छताची उंची साडेनऊ फूट आणि टाइल्स सात फुटांपर्यंत धरल्या, तर वर अडीच फुटांचा पट्टा उरतो. म्हणजे भिंतींचे सुमारे ५५ चौरस फूट आणि छताचे २८ चौरस फूट. टाइल्सच्या वर माळा बांधलेला असेल तर भिंतींवर रंगायला काहीच उरत नाही आणि प्रश्न फक्त माळ्याच्या खालच्या बाजूचा आणि दाराचा राहतो. जुन्या इमारतींत आणि बैठ्या घरांत टाइल्स चारच फुटांपर्यंत असतात. तिथे साडेपाच फुटांची भिंत रंगवावी लागते, म्हणजे दाराचा भाग वजा करूनही ११० चौरस फुटांच्या पुढे क्षेत्र जाते.

या दोन प्रकारच्या बाथरूमना एकच सल्ला लागू पडत नाही. पहिल्या प्रकारात रंग डोक्याच्या वर असतो, त्यावर फारसे पाणी उडत नाही, आणि तो टाइल्सच्या मानाने दुय्यम राहतो; म्हणून तिथे गडद छटेचे धाडस करता येते. दुसऱ्या प्रकारात रंग थेट डोळ्यांसमोर आणि अंगाच्या उंचीवर येतो, त्यामुळे तिथे मध्यम छटा अधिक काळ सुखाची वाटते.

दुसरी पायरी: टाइल्सची झाक ओळखणे

टाइल्स बदलायच्या नसतील, तर रंगाची निवड निम्मी त्यांनीच केलेली असते. पांढरी म्हणून आणलेली टाइलही क्वचितच निव्वळ पांढरी असते. तिच्यात पिवळट, गुलाबी, हिरवट किंवा निळसर झाक असतेच. ती ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे छपाईचा कोरा पांढरा कागद टाइलला टेकवून धरणे. बाथरूममधला नेहमीचा दिवा लावून आणि नंतर दिवसाच्या उजेडात, दोन्ही वेळा पाहावे. कागदाच्या शेजारी टाइल लोण्यासारखी दिसली तर झाक पिवळी आहे. राखी दिसली तर झाक थंड आहे. टाइल्सच्या सांध्यांमधला ग्राउट मळला असेल तर आधी तो घासून घ्यावा, नाहीतर डोळा फसतो.

आपल्याकडे सर्वाधिक आढळतात त्या आयव्हरी किंवा बेज टाइल्स, मध्ये तपकिरी फुलांची किंवा लाटांची हायलायटर पट्टी असलेल्या. सध्या सर्रास सुचवला जाणारा निळसर राखाडी रंग या टाइल्सच्या वर लावला, की टाइल्स एकदम पिवळ्या आणि जुनाट दिसू लागतात. पिवळी झाक थंड राखाडीशेजारी उठून दिसते. रंगाऱ्याने काम कितीही चोख केले तरी हा दोष जात नाही. अशा टाइल्सवर उबदार बाजूचे रंग घ्यावेत: शेवाळी, मातकट तपकिरी, कॉफीकडे झुकणारा कोळशाचा रंग, फार तर काळपट मोरपिशी. हायलायटर पट्टीतला सर्वांत गडद रंग हेरून त्याच्याच जवळपासची, पण थोडी अधिक राखाडी छटा घेतली, तर ती पट्टी नकोशी वाटण्याऐवजी मुद्दाम ठेवल्यासारखी दिसते.

टाइल्स खऱ्याखुऱ्या पांढऱ्या किंवा सिमेंटसारख्या राखाडी असतील तर बरीच मोकळीक मिळते. नेव्ही ब्लू, पाटीचा राखाडी, कोळसा, बाटलीचा हिरवा यांतले काहीही चालते. जुन्या घरांतल्या फिक्या गुलाबी टाइल्स पाहून मुलगे नाराज होतात, पण त्यांच्यावर तपकिरी झाक असलेला गडद राखाडी रंग फार देखणा दिसतो आणि गुलाबीचा गोडवाही कमी होतो. फिक्या निळ्या टाइल्सना त्याच कुळातला, पण राखाडी मिसळलेला गर्द निळा द्यावा.

तिसरी पायरी: उजेड

बाथरूममध्ये दिवसाही दिवा लावावा लागतो, म्हणून तिथला रंग खऱ्या अर्थाने दिव्याखालीच पाहायचा असतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर असतो, ४००० च्या आसपासचा समतोल, आणि ६५०० चा पांढरा-निळसर. आपल्याकडे बाथरूममध्ये सहसा ६५०० चाच दिवा लावला जातो, कारण तो स्वच्छ वाटतो. या उजेडात राखाडी अधिक निळा दिसतो, तपकिरी मरगळतो आणि शेवाळी रंगातली ऊब निघून जाते. पिवळसर उजेडात याच्या उलट घडते. नेव्ही ब्लू काळ्याकडे झुकतो आणि राखाडीत तपकिरी झाक येते. माझे मत विचाराल तर गडद किंवा मातकट रंग निवडताना ४००० केल्विनचा दिवा आधी आणून लावावा आणि मगच छटा पाहावी. रंगाच्या खर्चापुढे दिव्याची किंमत नगण्य असते आणि अनेकदा दिवा बदलल्यावर आधी नापसंत केलेली छटाच आवडू लागते.

काही शेड कार्डांवर किंवा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर छटेपुढे एलआरव्ही नावाचा आकडा दिलेला असतो. ती छटा तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत फेकते हे तो सांगतो. शुद्ध काळा शून्याजवळ आणि शुद्ध पांढरा १०० जवळ. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये चारही भिंती २० च्या खालच्या छटेत रंगवल्या तर एकाच दिव्यावर भागत नाही. आरशावर दुसरा दिवा घ्यावाच लागतो. ३० ते ५० च्या दरम्यानच्या छटा भारदस्त दिसतात आणि एका चांगल्या दिव्यात निभावतातही. टाइल्स फिक्या आणि चकचकीत असतील तर त्याच पुरेसा उजेड परत फेकतात, त्यामुळे वरच्या पट्ट्यासाठी १० ते १५ पर्यंत खाली उतरायला हरकत नसते.

आरशाजवळ आणखी एक गोष्ट जपावी लागते. दाढी करताना चेहऱ्यावर शेजारच्या भिंतीचा रंग परावर्तित होतो. बेसिनच्या दोन्ही बाजूंच्या भिंती हिरव्या असतील तर चेहरा आजारी दिसतो, गालावर राहिलेले खुंट नीट दिसत नाहीत आणि दाढी पुन्हा करावी लागते. जुन्या बाथरूममध्ये, जिथे रंग चेहऱ्याच्या उंचीवर येतो, तिथे आरशाच्या बाजूंना राखाडी किंवा वाळूची छटा ठेवून हिरवा किंवा निळा समोरच्या भिंतीवर न्यावा.

चौथी पायरी: छटांची छोटी यादी करणे

शेड कार्डात शेकडो छटा असतात आणि त्या पाहता पाहता डोळा थकतो. त्यापेक्षा आपल्या परिसरातले दगड डोळ्यांसमोर आणून यादी करणे मला जास्त भरवशाचे वाटते. दगडांच्या रंगात भडकपणा नसतो, ते एकमेकांशी जुळतात आणि जुन्या वाड्यांत, देवळांत, घाटांवर आपण ते लहानपणापासून पाहत आलेले असतो.

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कोरडा असताना राखाडी-तपकिरी दिसतो आणि पावसात भिजला की जवळजवळ काळा. बाथरूमसाठी त्याचा कोरडा रंग उचलावा. शुद्ध काळ्यापेक्षा तो सौम्य असतो आणि आयव्हरी टाइल्सशीही पटवून घेतो. कोळशाच्या रंगाची छटा मागताना ‘निळी झाक नको, तपकिरी झाक हवी’ एवढे दुकानदाराला सांगितले की तो कार्डाच्या योग्य पानावर पोहोचतो.

शहाबादी फरशीचा निळसर राखाडी मध्यम गडद असतो आणि पांढऱ्या टाइल्सवर उत्तम दिसतो. हा थंड रंग असल्यामुळे पिवळ्या टाइल्सवर तो टाळावा. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा कडप्पा जवळजवळ काळाच असतो. तो रंग भिंतींना देऊ नये, पण दाराला, व्हेंटिलेटरच्या चौकटीला किंवा आरशाच्या कडेला दिला तर बाकीच्या मध्यम छटेला बळकटी येते. कोटा फरशीचा हिरवट राखाडी हा माझ्या मते लहान बाथरूमसाठी सर्वांत समंजस पर्याय आहे. तो उबदार आणि थंड यांच्या मधोमध बसतो, वाळलेल्या थेंबांचे डाग झाकतो, फार गडद नसतो आणि लाकडी दाराशीही त्याचे जमते.

कोकणातला आणि गोव्यातला जांभा, म्हणजे गंजाकडे झुकणारा विटकरी, धीट माणसासाठी आहे. छोट्या बाथरूममध्ये चारही बाजूंनी तो अंगावर येतो. पण जुन्या बाथरूममध्ये एकाच भिंतीवर, राखाडी मिसळून त्याची लाली उतरवलेल्या छटेत, तो फार सुरेख दिसतो आणि पिवळसर उजेडात तर अधिकच खुलतो.

दगडांच्या बाहेरचा एकच रंग मी या यादीत घेईन, तो म्हणजे निळीचा गर्द निळा. नेव्ही ब्लू म्हणून मिळणाऱ्या छटांपैकी ज्या जांभळ्याकडे झुकतात त्या वगळाव्यात. त्या थंड दिव्याखाली शाईसारख्या दिसतात. काळ्याकडे किंवा किंचित हिरव्याकडे झुकणारा निळा घ्यावा.

या साऱ्यांतून तीनच छटा निवडाव्यात. एशियन पेंट्स, बर्जर, नेरोलॅक अशा कंपन्यांच्या कार्डांवर प्रत्येक छटेला नावासोबत क्रमांक असतो. तो लिहून ठेवावा, कारण नुसत्या नावावरून दुकानात गोंधळ होण्याचा संभव असतो. कार्डावरचा तुकडा बोटभर असतो आणि भिंतीवर तोच रंग नेहमी अधिक भडक भासतो. म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी अधिक राखाडी छटा यादीत ठेवावी.

पाचवी पायरी: गडद रंग कुठे आणि कुठपर्यंत

टाइल्सच्या वरचा पट्टा गडद आणि छत पांढरे अशी जोडी सर्वाधिक दिसते आणि लहान बाथरूममध्ये तीच सर्वांत अडचणीची असते. टाइल्सची वरची कड आणि छताची कड अशा दोन ठळक आडव्या रेषा तयार होतात, मधला पट्टा झालरीसारखा दिसतो आणि उंची कमी वाटते. छत साडेनऊ फूट किंवा त्याहून उंच असेल तर पट्टा आणि छत दोन्ही एकाच छटेत रंगवावेत. कोपऱ्यांची रेषा नाहीशी होते, छत नेमके कुठे सुरू होते ते डोळ्यांना कळत नाही आणि टाइल्सचा फिका भाग खाली मोकळा दिसतो. अनेकांना छत गडद करायची भीती वाटते, पण अशा छोट्या खोलीत ते पांढऱ्यापेक्षा शांत दिसते. छत आठ-साडेआठ फुटांवर असेल, किंवा गीझरचे पाइप आणि वरच्या मजल्याचे गळके सांधे झाकणारे फॉल्स सीलिंग असेल, तर मात्र छताला त्याच रंगाच्या कुळातली फिकट छटा द्यावी, पांढराशुभ्र रंग देऊ नये.

चार फुटांपर्यंतच टाइल्स असलेल्या बाथरूममध्ये एका भिंतीवर गडद रंग पुरतो. दारातून आत पाहताना समोर येणारी अरुंद भिंत त्यासाठी निवडावी. बाजूच्या लांब भिंतींवर गडद रंग दिला तर खोली बोळासारखी दिसते. समोरच्या भिंतीवर दिला तर तसे होत नाही.

सहावी पायरी: नमुना प्रत्यक्ष पाहणे

ही पायरी कोणीही गाळू नये. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही. काही कंपन्यांचे २०० मिलिलिटरचे नमुना डबे मिळतात. ते मिळत नसतील तर सर्वांत लहान डबा घ्यावा. रंग थेट जुन्या भिंतीवर लावून पाहू नये, कारण मागचा हिरवा किंवा पिवळा रंग नव्या छटेला फसवा करतो. दीड-दीड फुटाचे जाड पांढरे पुठ्ठे घ्यावेत, प्रत्येकावर एक छटा दोन हात देऊन लावावी आणि कडेला दोन बोटे पांढरी किनार सोडावी. इमल्शन, म्हणजे भिंतींना लावायचा पाण्याच्या आधाराचा रंग, वाळल्यावर थोडे गडद होते, त्यामुळे ओल्या रंगावरून मत बनवू नये. दुसऱ्या दिवशी पाहावे.

मग तो पुठ्ठा नेमका जिथे रंग लागणार आहे तिथे, म्हणजे टाइल्सच्या वर, चिकटपट्टीने लावावा. हातात धरून पाहिलेला रंग आणि डोक्यावरच्या पट्ट्यात पाहिलेला रंग वेगळा दिसतो, कारण तिथे दिव्याचा उजेड तिरपा पडतो. सकाळी अंघोळीच्या वेळी, दुपारी दिवा बंद ठेवून आणि रात्री दिवा लावून असे तीनदा तरी पाहावे. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर खोलीत वाफ भरलेली असताना तर अवश्य पाहावे. गडद छटा त्या धुरकट उजेडात कोंदट वाटते की आश्वासक, हे तेव्हाच कळते. जो माणूस ते बाथरूम रोज वापरणार आहे त्याचे मत शेवटचे मानावे. वडिलांचे बाथरूम मुलांनी परस्पर काळे करू नये. वय वाढले की कमी उजेडात पायरी, साबण आणि ओली फरशी नीट दिसत नाही, आणि तिथे फिकी वाळूची छटाच योग्य ठरते.

सातवी पायरी: रंगाचा प्रकार आणि चमक

डिस्टेंपर बाथरूममध्ये वापरू नये. वाफेने ते फुगते आणि त्याची भुकटी सुटते. ऑइल पेंट पाण्याला टिकतो, म्हणून जुने रंगारी तोच सुचवतात, पण त्याचा वास बरेच दिवस राहतो आणि कमी उजेडाच्या जागी त्याच्या फिक्या छटा काळाने पिवळ्या पडतात. दारे, चौकटी आणि लोखंडी पाइप यांना तो ठीक आहे. भिंतींसाठी बुरशीरोधक, धुता येणारे ॲक्रिलिक इमल्शन घ्यावे.

चमकेबाबत गडद रंगांचे दुखणे वेगळे असते. पूर्ण मॅट गडद रंग दिसतो सर्वांत देखणा, पण ओल्या हाताचा स्पर्श झाला, फडक्याने जोरात पुसले, की तिथे चकाकणारा डाग कायमचा राहतो. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर वाळलेल्या थेंबांची पांढरी क्षारवर्तुळे गडद मॅटवर लगेच उठून दिसतात. पूर्ण चकचकीत रंग धुवायला सोपा असतो. मात्र पुट्टीतली प्रत्येक लहर तो दाखवतो आणि दिव्याची तिरीप त्यात चमकते. म्हणून सॅटिन किंवा हलकी चमक असलेला प्रकार घ्यावा. फक्त छत मॅट ठेवावे, कारण तिथे हात लागत नाही आणि छताची लेव्हल सहसा सरळ नसते.

प्रमाणाचा अंदाज असा: पुट्टी केलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण ५० ते ६० चौरस फूट जाते, नेमका आकडा डब्यावर पाहावा. आपल्या उदाहरणातल्या ८३ चौरस फुटांना एकच छटा असेल तर दोन लिटर पुरेसे होतात. गडद छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनतात त्यात पांढरे रंगद्रव्य अगदी थोडे असते, त्यामुळे त्यांची मागचे झाकण्याची ताकद कमी पडते आणि तिसरा हात द्यावा लागू शकतो. विटकरी आणि लालसर छटांमध्ये हे विशेष जाणवते. त्यावर उपाय म्हणून पांढऱ्या प्रायमरमध्ये काळ्या युनिव्हर्सल स्टेनरचे, म्हणजे रंगात मिसळायच्या गडद द्रवाचे, थोडे थेंब टाकून तो राखाडी करून घ्यावा. मग गडद रंग दोन हातांत एकसारखा बसतो.

आठवी पायरी: भिंतीची तयारी

गडद रंगाखाली ओल आणि क्षार लपत नाहीत, उलट पांढऱ्या ठशांनी ते अधिक दिसतात. भिंतीवर फूट-दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून २४ तास चिकटवून ठेवावा. त्या काळात बाथरूम वापरू नये. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी धरले तर ओल आतून येते आहे. मग आधी वरच्या मजल्याचे किंवा पाइपचे गळणे थांबवावे लागेल. ते न करता लावलेल्या रंगाला पोपडे येतातच, कंपनी कोणतीही असो.

काळी बुरशी असेल तर ती सुकी खरवडू नये, तिची धूळ श्वासात जाते. एक भाग घरगुती ब्लीच आणि चार भाग पाणी असे द्रावण लावून पंधरा मिनिटे थांबावे, मग घासून साध्या पाण्याने धुवावे. हातमोजे घालावेत, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा, आणि टाइल्स किंवा कमोड साफ करण्याच्या ॲसिडशी ब्लीचचा संबंध कोणत्याही परिस्थितीत येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

त्यानंतर सुटलेला जुना रंग पत्र्याने काढावा, खड्डे पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीने भरावेत आणि वाळल्यावर पॉलिश पेपर मारावा. नुसती ॲक्रिलिक पुट्टी वाफेच्या जागी मऊ पडते, म्हणून टाळावी. नवीन प्लास्टर असेल तर किमान महिनाभर सुकू द्यावे. काम शक्यतो पावसाळ्यानंतर काढावे. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीतल्या दमट हवेत रंग वाळल्यासारखा दिसतो, पण आत ओलाच राहतो.

नववी पायरी: रंगकाम

टाइल्सच्या वरच्या कडेला मास्किंग टेप लावावी. या कडेवर प्लास्टर आणि टाइल यांच्यात अनेकदा बारीक फट असते. ती आधी भरून घ्यावी, कारण गडद रंग त्या फटीत उतरतो आणि कड दातेरी दिसते. छत आधी, भिंती नंतर. प्रायमरनंतर पहिला हात, त्यानंतर डब्यावर लिहिलेल्या वेळेइतके, साधारण चार ते सहा तास, थांबून दुसरा. एकाच भिंतीवरचा हात मध्येच सोडून चहाला जाऊ नये. गडद रंगात जोड स्पष्ट दिसतो. शेवटच्या हातानंतर रंग स्पर्शाला कोरडा लागला आणि टेप अजून ताठ झालेली नसली की ती तिरप्या कोनात हळूहळू ओढून काढावी.

दुसरे बाथरूम असेल तर दोन-तीन दिवस या बाथरूममध्ये गरम पाण्याची अंघोळ टाळावी. इमल्शन पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर भिंत फक्त मऊ ओल्या फडक्याने टिपावी, घासू नये.

नळ, टॉवेल आणि उरलेला रंग

भिंत गडद झाली की क्रोमचे नळ आधीच्यापेक्षा उजळ दिसतात, ते बदलण्याची गरज नसते. काळ्या मॅट फिटिंगचा मोह होत असेल तर घरातले पाणी आधी पाहावे. जड पाण्याच्या भागात त्यांवर रोज पांढरे डाग पडतात. रंगीबेरंगी मग, बादल्या आणि प्लास्टिकच्या खुंट्या मात्र बदलाव्यात, कारण दगडी रंगाच्या शेजारी त्याच सर्वांत जास्त खटकतात. टॉवेल एकाच रंगाचे, वाळूचे किंवा पांढरे ठेवावेत. एखादी लाकडी वस्तू ठेवायची तर सागाची ठेवावी. प्लायवूड वाफेने कडांना फुगते.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवला की साय धरतो. तो घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरावा, वर कंपनी, छटेचा क्रमांक, चमकेचा प्रकार आणि तारीख लिहिलेली पट्टी चिकटवावी आणि बरणी उन्हापासून दूर ठेवावी. गीझर बदलताना भिंतीला नवी भोके पडतात, तेव्हा तेवढीच जागा भरून त्याच रंगाने टिपता येते.